घरातल्या ‘नेट’ची शेजपाळी

रात्रीचे साडेआठ वाजले आहेत. राहुरी किंवा संगमनेरसारख्या गावातले एक साधेसुधे घर डोळ्यांपुढे आणा. बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीवर क्रिकेटचा सामना रंगात आला आहे. हा सामना आता केबलवरून येत नाही, नेटवरून येतो. थोरले चिरंजीव संगणकावर नव्या खेळाची भलीमोठी फाइल उतरवून घेत आहेत. वडिलांच्या फोनमधले लग्नातले फोटो आणि व्हिडिओ आपोआप कुठल्या तरी दूरच्या ‘क्लाउड’वर चढत आहेत आणि वडिलांना त्याचा पत्ताही नाही. मागच्या खोलीत मात्र भिंती जाड आहेत, आणि तिथून राउटरचा दिवादेखील दिसत नाही. त्या खोलीत बारावीतली मुलगी पुण्याच्या एका शिकवणीच्या ऑनलाइन वर्गात बसली आहे. सर गणित सोडवून दाखवत आहेत, आणि नेमक्या महत्त्वाच्या पायरीवर त्यांचा चेहरा गोठतो. पडद्यावर चाक गरगर फिरू लागते.

“पप्पा, नेट गेलंय!” आतून हाक येते.

“कुठं गेलंय? इथं तर मस्त चाललंय,” बाहेरून उत्तर येते.

गंमत अशी की दोघेही खरे बोलत असतात. नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हा संवाद नवा वाटू नये. चारीच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे त्याला आवर्तन जोरात चाललेले दिसते आणि टेलच्या शेतकऱ्याच्या सरीत ओल पोचलेली नसते. १९२६ साली पुरे झालेल्या भंडारदरा धरणाचे प्रवरा कालवे असोत की मुळा धरणाचे, या जिल्ह्याने गेले शतकभर एकाच प्रश्नावर अर्ज केले, मोर्चे काढले आणि भावकीत भांडणेही केली. तो प्रश्न असा, की सामाईक पाणी शेवटच्या माणसापर्यंत कसे पोचवायचे? आता तोच प्रश्न वेगळ्या रूपात उंबरा ओलांडून घरात आला आहे. त्याला उत्तर म्हणून आपण साधारणपणे एकच गोष्ट करतो, ती म्हणजे मोठा प्लॅन घेतो. कालव्यात जादा पाणी सोडले म्हणजे टेल आपोआप भिजते, असे मानण्यासारखेच हे आहे.

पीपी नंबरपासून फायबरपर्यंत

दळणवळणाचे साधन वाटून घेण्याची सवय आपल्याला नव्हती असे नाही. गल्लीत एकाच्या घरी फोन असे आणि बाकीच्यांच्या पत्रिकांवर, अर्जांवर त्याचाच ‘पीपी नंबर’ छापलेला असे. निरोप आला की शेजारचा मुलगा धावत बोलवायला येई. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशातल्या सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते याच टेलिफोनच्या तारेवरून येत होते. नेट चालू असले की फोन बंद. वाटणी कशी करायची याची चर्चाच नव्हती, कारण एका वेळी एकच माणूस ते वापरू शकत होता. पुढे सायबर कॅफे आले आणि तासाप्रमाणे हिशेब झाला. जो आधी बसेल त्याचा संगणक.

२०१६ नंतर मोबाइलवरचे नेट स्वस्त झाले आणि मग तालुक्याच्या गावांतून, मोठ्या खेड्यांतूनही फायबरच्या तारा घरोघर आल्या. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हटले जात होते, २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ती २ मेगाबिटवर नेली. आज घरगुती जोडणीत ३० मेगाबिट ही साधी गोष्ट आहे. म्हणजे दोन दशकांत तार शंभर पटींनी रुंद झाली. तरीही आतल्या खोलीतून हाक येतेच आहे. असे का व्हावे?

तीस मेगाबिट पुरत का नाहीत?

आधी थोडा हिशेब मांडू. जाहिरातीतले ‘एमबीपीएस’ म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. आपल्या फोनमधले फोटो मोजले जातात ते मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे ३० एमबीपीएसच्या तारेतून सेकंदाला फार तर पावणेचार मेगाबाइट येतात. वेग कमी मिळतो अशी जी तक्रार होते, तिचा काही भाग या बिट-बाइटच्या गोंधळातूनच जन्मतो.

आता गरज पाहू. चांगल्या दर्जाच्या चित्रासाठी टीव्हीला साधारण ५ मेगाबिट लागतात, अगदी ‘फोर-के’ चित्र हवे असेल तर १५. ऑनलाइन वर्गाला दोन-तीन मेगाबिट पुरेसे होतात. नेटवरून नुसते बोलायचे तर मेगाबिटचा दहावा हिस्साही भागतो. सामना, वर्ग, आजीचा परदेशातल्या नातवाशी व्हिडिओ कॉल अशी सगळ्यांची बेरीज केली तरी ती तिशीच्या आतच राहते.

मग तंगी येते कुठून? ती येते फाइल उतरवण्यातून. टीव्हीची, वर्गाची भूक ठरावीक असते. फाइल उतरवणाऱ्या कार्यक्रमाची भूक ठरावीक नसते, मिळेल तेवढे सगळे घेणे हाच त्याचा धर्म असतो. ५० गिगाबाइटचा एखादा खेळ पूर्ण ३० मेगाबिट मिळाले तरी पावणेचार तासांच्या आसपास तार खात राहतो. तार १०० मेगाबिटची केली तर तो १०० मेगाबिट खाईल आणि लवकर संपेल, पण चालू असेपर्यंत इतरांना तेवढाच अडवेल. ऊस आणि ज्वारी एकाच चारीवर असावीत तसा हा प्रकार आहे. ज्वारीला दोन पाण्यांची गरज असते, पण ती वेळेवर हवी असतात. उसाला केव्हाही, कितीही चालते. ज्वारीचे पाणी हुकले की पीक गेले, तसे शिकवणीच्या वर्गातले दोन सेकंद हुकले की समीकरण गेले.

काट्यावरची रांग

यातली खरी मेख वेगापेक्षा रांगेत आहे. नगर जिल्ह्याने रांग पुरती ओळखलेली आहे. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम घेतला, तेव्हापासून उसाच्या गाड्यांची काट्यावरची रांग हे इथले हिवाळ्यातले नेहमीचे दृश्य आहे. समजा, त्याच अरुंद रस्त्याने दुधाचे दोन कॅन घेऊन मोटारसायकलवाला निघाला आहे. त्याला काट्याशी काही घेणे नाही, त्याचे काम दोन मिनिटांचे आहे. पण पुढे दोनशे ट्रॉल्या उभ्या आहेत आणि बाजूने जायला वाट नाही. दूध नासते ते रस्ता लहान म्हणून नव्हे, तर ते चुकीच्या रांगेत उभे राहिले म्हणून.

राउटरमध्ये आणि कंपनीच्या पेटीत नेमके हेच घडते. नेटवरची प्रत्येक गोष्ट लहान लहान पुडक्यांत विभागून जाते. तार भरली की उरलेली पुडकी पेटीतल्या स्मृतीत, म्हणजे आपल्या आवारात, वाट पाहत थांबतात. स्मृती स्वस्त झाली तशी उत्पादकांनी ही आवारे मोठी केली. पुडके वाया जाण्यापेक्षा थांबलेले बरे, असा त्यांचा भाबडा विचार होता. त्याचा परिणाम काय होतो, ते साध्या गणिताने कळते. वर पाठवण्याचा वेग २ मेगाबिट असेल आणि आवारात एक मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट माल थांबला असेल, तर मागून आलेल्या प्रत्येक पुडक्याला चार सेकंद तिष्ठावे लागते. चार सेकंद उशिराने पोचलेला आवाज म्हणजे संभाषण नव्हेच.

वडिलांच्या फोनमधून चढणारे फोटो असा घोटाळा करतात. वर जाणारी वाट तुंबली की खाली येणारा मालही रखडतो. कारण आलेल्या मालाची ‘पोच’ परत पाठवावी लागते आणि ती पोच त्याच तुंबलेल्या वाटेवर अडकते. अशा वेळी वेग मोजून पाहिला तर आकडे अनेकदा ठीकच दिसतात, आणि घरातले सगळे कंपनीला शिव्या देत बसतात.

हा आजार ओळखायलाही बराच काळ लागला. १९८५ च्या डिसेंबरात जॉन नेगल या अमेरिकी अभियंत्याने एका टिपणात दाखवून दिले होते की, रांगेसाठी अमर्याद जागा दिली तरी गर्दी सुटत नाही. प्रत्येकाची वेगळी रांग करून पाळीपाळीने एकेक पुडके सोडावे, असा उपाय त्याने सुचवला. आपल्या भाषेत शेजपाळीच ती! पुढच्याच वर्षी, १९८६ च्या ऑक्टोबरात, कॅलिफोर्नियातल्या दोन संस्थांमध्ये जेमतेम चारशे यार्डांचे अंतर असताना सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग गर्दीने ४० बिटांवर कोसळला. त्याचा अभ्यास करून व्हॅन जेकबसन याने १९८८ मध्ये मांडलेल्या नियमांवर पुढचे इंटरनेट तगले. रस्त्यात गर्दी दिसली की पाठवणाऱ्याने आपणहून हात आखडता घ्यायचा, हे त्या नियमांचे सार. पण घराघरांतल्या पेट्यांची आवारे इतकी वाढली की गर्दी झाल्याचा इशाराच पाठवणाऱ्याला वेळेवर मिळेना. २०१० मध्ये जिम गेटीस या संगणकतज्ज्ञाला स्वतःच्या घरच्या जोडणीवर हा त्रास झाला आणि त्याने मुळाशी जाऊन त्याला ‘बफरब्लोट’, म्हणजे आवाराला आलेली सूज, असे नाव दिले. २०१२ पासून या सुजेवर औषधही आहे. रांगा वेगळ्या करायच्या आणि एखादी रांग फार वेळ साचलेली दिसली की तिला लगेच आवरायचे, अशी पद्धत तयार झाली आणि २०१८ मध्ये ती इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत नोंदली गेली. मोफत मिळणाऱ्या अनेक राउटर-प्रणालींत ती आहे. कंपनीने फुकट बसवून दिलेल्या पेटीत मात्र ती असेलच असे नाही.

माणशी की यंत्रागणिक?

रांगा वेगळ्या करायच्या हे ठरले, पण त्या कशावरून वेगळ्या करायच्या? इथे प्रश्न तंत्राचा राहत नाही, न्यायाचा होतो.

इंटरनेटचा जुना न्याय जोडणीगणिक आहे. दोन जोडण्या एकाच तारेवर असतील तर दोघींना ढोबळमानाने सारखा वाटा मिळतो. हे ऐकायला रास्त वाटते. पण वर्गात बसलेल्या मुलीची एक जोडणी असते आणि फाइल उतरवणारा कार्यक्रम एकाच वेळी दहा-वीस जोडण्या उघडतो. वीस हात पसरणाऱ्याला वीस वाटे, एक हात पसरणाऱ्याला एक. ब्रिटनच्या बॉब ब्रिस्को याने २००७ मध्ये या न्यायावर कडक टीका केली होती. जोडण्यांमधली समानता ही समानताच नव्हे, वाटणी करायची तर ती माणसांमध्ये केली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते.

हे वाचताना आपल्याला शेजारच्या पुणे जिल्ह्यातले पुरंदर तालुक्यातले नायगाव आठवायला हवे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने तिथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हा रुळलेला न्याय त्यांनी नाकारला. पाणी जमिनीला नाही, माणसाला. घरात जितकी माणसे तितका वाटा, माणशी अर्ध्या एकराचे पाणी आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. आणि सगळ्यांना पुरावे म्हणून ऊस वर्ज्य. ब्रिस्को जे इंटरनेटबद्दल म्हणाला, ते साळुंख्यांनी कितीतरी आधी पाण्यात करून दाखवले होते.

घरात यंत्रे मोजली तर काय दिसते? चिरंजीवांकडे संगणक, फोन आणि खेळाचा खोका अशी तीन यंत्रे असतात. आईकडे एक जुना फोन, तोही कधी कधी धाकट्याच्या हातात. ‘प्रत्येक यंत्राला सारखे’ असा नियम केला तरी चिरंजीवांना तीन वाटे आणि आईला फार तर एक. आजकालच्या चांगल्या राउटरमध्ये यंत्रांचे गट करता येतात आणि गटाला मर्यादा किंवा अग्रक्रम देता येतो. ही सोय वापरताना गट माणसाच्या नावाने करावेत, यंत्राच्या नव्हे.

शेवटची खोली

आता जाड भिंतींकडे वळू. वाय-फायच्या लहरींचे दोन मुख्य पट्टे घरात वापरले जातात. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा लांब पोचतो, पण शेजारपाजारच्या राउटरांची, मायक्रोवेव्ह ओव्हनची त्यात गर्दी असते. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान असतो, पण दोन भिंतींत दमतो. आपल्याकडे तार जिथून आत येते तिथेच, म्हणजे बहुधा बाहेरच्या खोलीत टीव्हीमागे किंवा पत्र्याच्या कपाटावर, राउटर टांगला जातो. काळ्या दगडाच्या जुन्या घरात तर मागची खोली कोरडीच राहते.

पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. वाय-फायमध्ये हवा सामाईक असते. एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, बाकीची थांबतात. दूर असलेल्या, कमकुवत लहर मिळणाऱ्या फोनला तेवढाच मजकूर पाठवायला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ घरातली हवा अडून राहते. म्हणजे टेलच्या खोलीकडे दुर्लक्ष केले तर त्याचा फटका हेडच्या खोलीलाही बसतो. गळकी चारी दुरुस्त न करता टेलला पाणी ढकलत राहिले की सगळ्यांचेच आवर्तन लांबते, त्यातलाच हा प्रकार.

पाटबंधाऱ्याच्या चळवळीतून ‘टेल टू हेड’ हा शब्दप्रयोग आपल्या वर्तमानपत्रांत रुळला आहे. आधी शेवटच्याला पाणी द्यायचे आणि मग वर सरकत यायचे. घरात याचा अर्थ सोपा आहे. राउटरची जागा ठरवताना टीव्हीपासून सुरुवात करू नये. ज्या खोलीत अभ्यास होतो ती खोली आधी पाहावी. राउटर घराच्या मध्यावर, उंच, उघड्यावर असावा. टीव्ही आणि संगणक जागचे हलत नाहीत, त्यांना साधी तार जोडून द्यावी. तेवढी हवा फोनसाठी मोकळी होते.

पाट आणि विहीर

इथवर पाण्याची उपमा चालली. मात्र एका ठिकाणी ती तंतोतंत लागू पडत नाही, आणि तिथेच अनेक घरांचे नियम चुकतात.

तारेवरून येणारे नेट म्हणजे पाट. ते वाहते आहे तेव्हाच वापरायचे. पहाटे तीन वाजता न वापरलेले ३० मेगाबिट रात्री साडेआठला कामी येत नाहीत. म्हणून ‘प्रत्येकाला पाच-पाच मेगाबिट, त्यावर नाही’ असा कायमचा बांध घालणे शहाणपणाचे नाही. घरात एकटा मुलगा असेल तर त्याने सगळी तार वापरली म्हणून कुणाचे काही बिघडत नाही. वाटणीचा नियम गर्दीच्या वेळेपुरताच लागू व्हावा आणि गर्दी सरली की सुटावा. उलट जे काम रात्री दोनला झाले तरी चालते, ते रात्री दोनलाच करावे. खेळांच्या फाइली, फोनची आणि संगणकाची अद्ययावत आवृत्ती, फोटोंची साठवण, ही सगळी कामे वेळ लावून ठेवता येतात. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते तेव्हा शेतकऱ्याला अंधारात दारे धरायला जावे लागते. इथे यंत्राला जागे ठेवून माणसाला झोपता येते, एवढा तरी फायदा घ्यावा.

पण जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवर फायबर पोचलेले नाही अशी घरे आहेत. तिथे एकाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून सगळे घर नेट वापरते, आणि दिवसाला दीड-दोन गिगाबाइट एवढाच साठा असतो. हा पाट नव्हे, ही विहीर आहे. सकाळी कुणी चित्रफिती पाहत बसले की संध्याकाळी तळ दिसतो. इथे पाळीने भागत नाही, ताळेबंद लागतो. हा ताळेबंद कसा मांडावा हे हिवरे बाजारने सगळ्या देशाला शिकवले आहे. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली या गावाने पाऊस मोजला, विहिरींची पातळी मोजली आणि वर्षाचे पाणी किती, त्यात पीक कोणते घ्यायचे, हे ग्रामसभेत ठरवले. पिण्याचे पाणी पहिले, जनावरांचे त्यानंतर, शेती शेवटी. ऊस नको, केळी नको, शेतीसाठी बोअर नको. हॉटस्पॉटवरच्या घरानेही असाच क्रम लावावा. अभ्यास आणि कामकाज पहिले, बोलणे दुसरे, करमणूक उरेल त्यात. चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणला तरी साठा कितीतरी जास्त पुरतो.

चावी कुणाच्या हाती?

आता सर्वांत नाजूक प्रश्न. हे नियम करायचे कुणी?

राउटरचा पासवर्ड घरात बहुधा एकाकडे असतो, तो कर्ता पुरुष किंवा थोरला मुलगा. ज्याच्या हाती चाकी, तोच पाटकरी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या पुरुषांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, स्त्रियांपैकी केवळ ३८ टक्क्यांनी. तेव्हापासून आकडे वाढले असतीलच. पण घरात तार आल्याने ही दरी आपोआप बुजत नाही, कारण दरी तारेत नसून घरातल्या क्रमात आहे. जेवणाच्या पंगतीत जी शेवटी बसते, ती नेटच्या रांगेतही शेवटी असते आणि तिची तक्रारही नसते. तक्रार नाही म्हणून गरज नाही, असे समजणे सोयीचे असते एवढेच.

गावे यावर आपापल्या परीने विचार करू लागली आहेत, ही चांगली गोष्ट आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा सुरू केली. आपल्या जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातील सौंदाळा गावाने २०२४ मध्ये शिवीगाळीवर दंडाचा ठराव केला, तो सर्वदूर गाजला. त्याच वेळी संध्याकाळी सात ते नऊ या अभ्यासाच्या वेळेत मुलांनी मोबाइल वापरू नये, असेही गावाने ठरवले. या ठरावांचे मोल आहे, कारण ते सर्वांसमोर झाले आणि सर्वांना सारखे लागू झाले. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. फोन हा आज खेळ आहे तसे पुस्तकही आहे. केरळमध्ये एका महाविद्यालयाच्या वसतिगृहाने मुलींना संध्याकाळी सहा ते दहा फोन वापरण्यास मनाई केली, तेव्हा एक विद्यार्थिनी न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. बंदी सोपी असते, तिला हिशेब लागत नाही. वाटणीला लागतो.

मुलांना वाटणीत सामील करून घेतले नाही तर ती वाट काढतात, हेही कुणा पालकाला सांगायला नको. चारीवर पाटबंधारे खात्याने कितीही पहारे ठेवले तरी रात्री दारे फुटत. मग मुळा उजव्या कालव्याच्या सात नंबर मायनरवर शेतकऱ्यांनी दत्त पाणी वापर संस्था स्थापन केली. राज्यातल्या अगदी आरंभीच्या अशा संस्थांत तिची गणना होते. पाणी मोजून संस्थेला मिळायचे आणि आतली वाटणी सभासदांनीच करायची. पुढे २००५ मध्ये राज्याने त्यासाठी कायदाच केला. या कायद्यामागची समजूत साधी आहे. ज्यांनी नियम केला ते तो मोडायला कचरतात.

याच न्यायाने, वाटणी करणे वेगळे आणि पाळत ठेवणे वेगळे. कुणी किती वापरले हे घराने पाहावे. कुणी काय पाहिले हे चोरून पाहण्याची सोय राउटरमध्ये असेलही, पण पाटकऱ्याने पाणी मोजावे, शेतात शिरून पीक उपटून पाहू नये. लहान मुलांची गोष्ट वेगळी, पण तिथेही त्यांना सांगून करावे.

या रविवारी करून पाहा

हे सगळे करायला तंत्रज्ञ बोलावण्याची गरज नाही. आज सुटी आहे, सगळे घरी आहेत, तासाभराचे काम आहे.

आधी मोजा. घरात कुणी काही वापरत नसताना एकदा आणि मोठी फाइल उतरत असताना एकदा वेगाची चाचणी घ्या. काही चाचण्या वेगाबरोबर ‘लेटन्सी’, म्हणजे पुडक्याला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत दाखवतात. रिकाम्या तारेवर हा आकडा वीस-तीस असेल आणि भरल्या तारेवर पाचशे-हजार होत असेल, तर तुमच्या घरात काट्यावरची रांग आहे. मोठ्या प्लॅनवर पैसे घालण्याआधी तिचा बंदोबस्त करा.

मग हीच चाचणी शेवटच्या खोलीत घ्या. तिथला वेग बाहेरच्या खोलीच्या निम्म्यावर येत असेल तर राउटरची जागा बदला आणि जागचे न हलणारे यंत्र तारेने जोडा. फोनमधली फोटो चढवण्याची वेळ रात्रीवर टाका. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ नावाची सोय असेल तर तिथे तारेचा वेग मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर लावा. दहा टक्के सोडून दिल्यासारखे वाटते. पण त्यामुळे रांग कंपनीच्या पेटीत न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तिथे पाळी तुमच्या हाती असते. पाहुण्यांना आणि शेजाऱ्यांना वेगळे ‘गेस्ट’ नाव द्या.

आणि शेवटी, सगळ्यांना बसवून एक कागद करा. पाटपाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरावा लागतो तसा प्रत्येकाने आपला अर्ज सांगावा. मला कोणत्या वेळी, कशासाठी, अडथळ्याशिवाय नेट हवे? पहिली विचारणा आईला आणि आजीला करा. त्यांचा अर्ज बहुतेक घरांत आजवर कुणी घेतलेलाच नसतो.

आपण स्वतःला नेहमी टेलचेच समजतो, ही आपली सवय आहे. जायकवाडीला पाणी सोडण्याची वेळ येते तेव्हा मात्र मराठवाडा टेलला असतो आणि नगर-नाशिक हेडला. समन्यायी वाटपाचे तत्त्व राज्याने २००५ मध्ये कायद्यात घातले, २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते उचलून धरले, आणि तरीही दर टंचाईत तोच वाद उभा राहतो. नेटचेही तसेच आहे. संध्याकाळी कंपनीच्या सामाईक तारेवर एकामागे एक घरे जोडलेली असतात. २००९ मध्ये ट्रायने घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नासपर्यंतचे प्रमाण मान्य केले होते. तिथे आपण टेलला असलो की आपल्याला न्यायाची आठवण होते. घरात मात्र टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसलेले आपण हेडला असतो.

तेव्हा पुढच्या वेळी आतून “पप्पा, नेट गेलंय” अशी हाक आली, तर “इथं तर चाललंय” असे उत्तर देण्याआधी उठून मागच्या खोलीत जावे आणि तिथे किती पोचते आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. टेलला जाऊन पाणी पाहून आल्याशिवाय चांगला पाटकरीही आवर्तन पुरे झाले असे म्हणत नाही.